रांजणाला घातलेलं चिलखत

खंडूआप्पांनी फोन आपटला. हल्लीच्या फोनला आपटायची सोय नसते, म्हणून त्यांनी तो गादीवर आपटला आणि उरलेला राग आवाजात काढला.

"सोजर! यंदा चिलखत माझ्या हातानं दौंडाला जाणार. एक जरी पाकळी पडली, तर नाव लावणार न्हाई!"

सोजरबाई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुणाचं?"

"माझं!"

"मग नका लावू. रांजण तेवढा मोकळा करा."

फोन पोपटरावांचा होता. पोपटराव म्हणजे आप्पांचे व्याही, सुनेचे वडील. दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेला. आप्पांचा जन्म गेला शिरूरच्या एसटी स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. आता रेल्वेवाला आणि एसटीवाला व्याही झाले की काय होतं ते सांगायला नको. लग्नात वरात उशिरा आली तेव्हा पोपटराव म्हणाले होते, "चालायचंच, रस्त्यानं आली ना!" तेव्हापासून ते दोघे एकमेकांचा मान फार राखतात, म्हणजे एकमेकांच्या हातात जाऊ देत नाहीत.

पोपटराव फोनवर एवढंच म्हणाले होते, "आप्पा, शिरूरला रेल्वे न्हाई ही तुमची अडचण मी समजू शकतो. पण मागल्या साली झालं तसं चिलखत किलोवर आणू नका."

ही गोष्ट आप्पांना लागली, कारण ती खरी होती.

आप्पांची नात गौतमी दौंडला पोपटरावांकडं राहून कॉलेज शिकते. उंच, खणखणीत आवाजाची पोर. अशोक विजयादशमीला विहारापुढं जे नाटक होतं त्यात ती सम्राट अशोक होते. शेवटी कलिंगाच्या रणात सम्राट चिलखत उतरवून भिक्खूच्या पायाशी ठेवतो आणि पडदा पडतो. हे चिलखत आप्पांनी केलं. तेलाचे पत्र्याचे डबे उभे चिरले, समोरचा मोठा पत्रा छातीला लावला, बाकीच्याच्या पिंपळपानासारख्या पाकळ्या कापल्या, एसटीच्या जुन्या सीटच्या रेक्झिनवर रिबिटानं ठोकल्या आणि वर सोनेरी रंग दिला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाटलीपुत्राहून पार्सल आलंय.

पण ते वर्षभर माळ्यावर पडलं आणि उंदरांनी रेक्झिन खाल्लं. मागल्या साली शिरूरच्या प्रयोगात सम्राटानं तलवार उचलली की दोन पाकळ्या पडायच्या. गर्जना केली की चार पडायच्या. शेवटच्या प्रवेशात गौतमीच्या अंगावर खांद्याचा एक पट्टा राहिला होता. पहिल्या रांगेत बसलेले पोपटराव शेजाऱ्याला म्हणाले, आणि सगळ्या मांडवानं ऐकलं, "सम्राटानं त्यागायला काय शिल्लकच ठेवलं न्हाई."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या, थर्माकोलचं करू. पोपटराव तसं म्हणालेही. पण गौतमीनं ऐकलं नाही. ती आप्पांना म्हणाली, "आप्पा, थर्माकोल खाली ठेवलं तर आवाज होत न्हाई. ते खाली पडलं की खणाण वाजलं पायजे. त्याबिगर सम्राटानं काय सोडलं ते लोकांना कळत न्हाई."

एवढं ऐकल्यावर आप्पांनी कंबर कसली. नवीन रेक्झिन आणलं, पाकळ्या पुन्हा ठोकल्या. आता प्रश्न राहिला तो सांभाळायचा.

चिलखत सांभाळणं ही साधी गोष्ट नाही. पूर्वीच्या राजांकडं त्यासाठी माणसं असतील. आप्पांकडं शेजारी होते. शेजारचे मारुतराव फुलांचे बागाईतदार. त्यांनी येऊन चिलखत उलटंपालटं केलं आणि निदान केलं, "हवा लागली पायजे. माल कोंडला की सडतो." त्यांच्या सिंधूबाई म्हणाल्या, "कडुनिंबाचा पाला घाला. माझ्या गव्हाला टोका लागला न्हाई कवा." पाला घातला. उंदीर आले नाहीत, पण पाला वाळून पाकळ्यांच्या सांदीत असा बसला की चिलखत हललं की चुरा पडायचा. मग हवा लागावी म्हणून आप्पांनी ते बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलं. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यानं उंबऱ्यातून बघितलं, मान लववून नमस्कार केला आणि सिलिंडर बाहेरच ठेवून गेला. आठवड्यात खांद्याचे पट्टे ओढून लांब झाले. सम्राटाचं चिलखत गुडघ्याला आलं असतं.

तेव्हा आप्पांच्या ध्यानात आलं की चिलखताला अंग पाहिजे. अंगावर असतं तेव्हाच ते नीट असतं. आणि त्यांची नजर सोजरबाईंच्या रांजणावर गेली.

रांजण पालथा घातला तर छाती आहे, पाठ आहे आणि पोट तर आहेच. चिलखत त्यावर असं बसलं की जणू कुंभारानं माप घेऊन केलं होतं. आप्पा हरखले. सोजरबाई हंडा घेऊन आल्या आणि त्यांनी बघितलं, त्यांचा माहेरचा रांजण उलटा होऊन युद्धावर निघालाय.

"आन् पाणी?" त्यांनी विचारलं.

"माठ हाय की."

"माठातलं पाणी रांजणासारखं लागतं व्हय? ह्यो रांजण माझ्या आईनं दिलाय."

"तवा तुझ्या आईचे उपकार सम्राट अशोकावर हायेत," आप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, हे बोलणं फार चांगलं झालं. सोजरबाईंना तसं वाटलं नाही. वर्षभर त्या माठातलं पाणी पीत होत्या आणि प्रत्येक घोटाला रांजणाकडं बघत होत्या.

पण चिलखत टिकलं. वर्षभर एक पाकळी हलली नाही. दसरा जवळ आला, यंदाचं नाटक दौंडच्या विहारापुढं ठरलं, पोपटरावांचा तो फोन आला, आणि आप्पांनी ती प्रतिज्ञा केली. इथवर सगळं ठीक होतं.

आदल्या दिवशी आप्पा दाढीला गेले. दसऱ्यासाठी विहारातली पितळेची भांडी घासायला सोजरबाईंकडं आली होती. मोरीपुढं चिंच, राख, काथ्या असा सगळा सरंजाम मांडून त्या बसल्या होत्या. दिवे घासले, तांबे घासले, तबकं घासली. तेवढ्यात त्यांचं लक्ष चिलखताकडं गेलं. त्यावर वर्षाची धूळ होती. त्यांच्या मनात आलं, एवढ्या भांड्यांत हे एक. आपला नवरा उद्या व्याह्यापुढं जाणार, त्याचं पितळ कशाला काळं दिसू द्यायचं?

त्यांनी मनापासून घासलं. बाई हाताची जोरकस, मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या शिवलेल्या.

आप्पा दाढी करून आले तेव्हा सोनं मोरीतून वाहून गेलं होतं. आणि सम्राट अशोकाच्या ऐन छातीवर, हातभर रुंदीचं, पिवळंजर्द, टवटवीत सूर्यफूल उमललं होतं. त्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'शुद्ध'.

आप्पा खाली बसले. बराच वेळ सूर्यफूल त्यांच्याकडं बघत राहिलं.

"तुम्ही सांगितलं न्हाई ते रंगाचं हाय," सोजरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, राजाचं हाय म्हंजी पितळी आसंल."

आप्पा माणूस मोठा. बायकोवर ओरडायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण आपण केलेल्या वस्तूला घरच्या माणसानं खरं पितळ समजावं, यात कुठंतरी कौतुक आहे हेही त्यांना कळलं. त्यामुळं ना धड ओरडता आलं, ना धड हसता. ते उठले, सोनेरी रंगाचा डबा आणला आणि दिवे लागायच्या आत दोन हात दिले.

पण कुंद हवा होती. सकाळी बोट लावून बघितलं, बोट सोनेरी झालं.

मारुतराव सल्ला द्यायला आलेच. "कागदात गुंडाळा."

"चिकटंल."

"मग माझ्या टेम्पोत टाका. मी दुपारच्याला झेंडू घेऊन दौंडालाच चाललोय."

"मारुतराव," आप्पा म्हणाले, "मी जन्मभर लोकांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. आज माझं सामान फुलांच्या पाटीत टाकून पाठवू? व्याही काय म्हणंल?"

"बरं बाबा. यंदा खरं सीमोल्लंघन तुमचंच," म्हणून मारुतराव झेंडू तोडायला गेले.

चिलखत गुंडाळता येत नव्हतं, घडी घालता येत नव्हतं, टांगता येत नव्हतं. त्याला अंगच पाहिजे होतं, आणि रांजण काही एसटीत चढला नसता. आप्पांनी रांजणाकडं बघितलं. मग स्वतःच्या पोटाकडं बघितलं. दोन्हींत फार फरक नव्हता.

"मी घालून जातो," ते म्हणाले.

चिलखत गौतमीच्या बेतानं कसलेलं. आप्पांच्या पाठीवर त्याच्या दोन कडा एकमेकींना भेटेनात. पट्टे पुरेनात. सोजरबाईंनी दाभण घेतलं, सुतळी ओवली आणि नवऱ्याला पाठीमागून गोणीसारखं शिवून टाकलं. वर दुहेरी गाठ मारली. "आता काय बिशाद पडायची," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात वर्षभराचा रांजण होता.

स्टँडवर दौंडची गाडी लागली होती. कंडक्टर आप्पांच्या हाताखालून गेलेला, सज्जन माणूस. त्यानं आधी जय भीम केला आणि मग दारात हात आडवा धरला.

"आप्पा, माफ करा. हे सामान का प्रवासी?"

"मी खंडू. मला ओळखत न्हाई?"

"तुम्हाला वळखतो. पर तुम्ही बसून दाखवा."

आप्पा सीटवर बसायला गेले. पत्रा वाकेना. कमरेपासून मानेपर्यंत त्यांचा एक सरळ खांब झाला होता. त्यांनी तिरकं बसून बघितलं, तर पाकळ्या मांडीत घुसल्या.

"एकदा एक जण सोफा घिऊन आला होता," कंडक्टर फार आदरानं म्हणाला. "तवा तुम्हीच खिडकीतून सांगितलं होतं, जे सीटवर बसत न्हाई ते सामान. सामान टपावर."

सगळी गाडी हसली. आपलं वाक्य आपल्याच अंगावर यावं, आणि तेही भर स्टँडवर, जिथं आपण एके काळी शिट्टी वाजवली की गाड्या हलायच्या! आप्पांनी चिलखताच्या आत श्वास भरला. "मी उभ्यानं जाणार," ते म्हणाले. "उभ्या प्रवाशाला बंदी असंल तर तसं सांग." कंडक्टरनं हात काढला.

गाडी न्हावऱ्याकडं निघाली. रस्ता तुम्हाला माहीत आहे. आप्पा मधल्या वाटेत उभे, दोन्ही हात वरच्या दांडीला. खड्डा आला की आप्पा एका बाजूला आणि वळण आलं की दुसऱ्या बाजूला. एका गृहस्थाच्या पांढऱ्या कडक सदऱ्यावर पिंपळपानांची सोनेरी नक्षी उमटली. एका म्हातारीच्या पदराला जर चढली. कंडक्टरचं तिकिटाचं मशीन सोन्याचं झालं. न्हावऱ्याला उतरलेला माणूस न् माणूस शिरूरला चढला होता त्यापेक्षा श्रीमंत दिसत होता, आणि आप्पांच्या छातीवर हळूहळू सूर्यफूल जागं होत होतं.

"शुद्ध," समोरच्या सीटवरच्या एका पोरीनं मोठ्यानं वाचलं आणि आईला विचारलं, "आजोबा शुद्ध हायेत व्हय?"

"लई," मागच्या सीटवर तलवारीचं पोतं घेऊन बसलेल्या सोजरबाई म्हणाल्या.

भीमा ओलांडल्यावर एका फाट्यावर बंदोबस्त होता. हवालदार गाडीत चढला. त्याला आधी आप्पा दिसले, मग सोजरबाईंच्या मांडीवरच्या पोत्यातून बाहेर आलेली तलवारीची मूठ दिसली.

"हे काय?"

इथं आप्पा 'लाकूड हाय' म्हणाले असते तर गोष्ट मिटली असती. सोजरबाईंनी तसं खुणावलंही. पण सकाळपासून सामान ठरलेल्या माणसाला कुठंतरी मान पाहिजे होता.

"ही सम्राट अशोकाची तलवार हाय," आप्पा म्हणाले.

"खाली उतरा," हवालदार म्हणाला.

खाली उतरून त्यांनी तलवार उपसली. ती लाकडाची होती, रंग चंदेरी होता आणि तोही ओला होता. हवालदारानं धार बघायला अंगठा लावला, अंगठा चांदीचा झाला. मग तो हसला, मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं, मग दोघांनी आप्पांच्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढले. माणसं वाईट नव्हती. पण कंडक्टरला वेळ पाळायची होती, आणि वेळ पाळायला त्याला आप्पांनीच शिकवलं होतं. फोटोतून मान वळवली तेव्हा गाडी पार लांब गेली होती.

फाट्यावर दोघंच उरले. ऊन वर आलं होतं. आप्पांना बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं, पाणी प्यायलं तर पुढची अडचण होती. फोन वाजला. गौतमी होती. पोपटरावांना ती नाना म्हणते.

"आप्पा, कुठं हायसा? नाना म्हणत्यात, चिलखत न्हाई आलं तर शाल पांघर."

"पांघरू नगंस!" आप्पा ओरडले. "शाल पडल्याचा आवाज होत न्हाई! मी येतोय. चालत यायला लागलं तरी येतोय." आणि ते खरंच दौंडच्या दिशेनं चालायला लागले. पाठीमागं सोजरबाई, खांद्यावर तलवार.

थोडं चालल्यावर मागून ओळखीचा हॉर्न वाजला. मारुतरावांचा टेम्पो होता. त्यांनी काच खाली केली, आप्पांना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि ह्या गोष्टीत कुणी सगळ्यात मोठं मन दाखवलं असेल तर ते मारुतरावांनी. ते एवढंच म्हणाले, "चढा."

सोजरबाई पुढं बसल्या. आप्पा मागं, झेंडूच्या ढिगात कमरेइतके उभे. पत्र्यावर जिथं जिथं ओला रंग उरला होता तिथं तिथं वाऱ्यानं झेंडूच्या पाकळ्या येऊन चिकटल्या. दौंडात शिरताना दुकानदारांनी झेंडूनं भरलेला टेम्पो बघितला, मधोमध तलवार धरून उभा केशरी म्हातारा बघितला, आणि कुणाची तरी मिरवणूक असेल म्हणून हात जोडले. आप्पांनीही मान लववली. कुणाच्या श्रद्धेला धक्का कशाला द्यायचा?

विहारापुढं नाटक सुरू झालेलं होतं. मांडवाच्या मागच्या बाजूला पोपटराव शाल घेऊन उभेच होते. त्यांनी आप्पांना बघितलं. रेल्वेत त्यांनी बैल उतरवून घेतले होते, कलमं उतरवून घेतली होती, एकदा बँडबाजा उतरवून घेतला होता. पण असं पार्सल त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं.

"आप्पा, काढा लवकर! कलिंग संपत आलंय!"

आप्पा पाठमोरे झाले. पोपटरावांनी सुतळी ओढून बघितली, गाठ आवळली गेली. कुणी कात्री आणली. "कात्री लावू नका!" आप्पा ओरडले. "रेक्झिन कापलं तर पाकळ्या गळतील. गाठ सोजरला म्हाईत हाय!" पण सोजरबाई बाकीच्या बायांबरोबर मांडवात पुढं जाऊन बसल्या होत्या. आणि स्टेजवर गौतमीचा शेवटचा प्रवेश सुरू झाला. साध्या सदऱ्यात उभा सम्राट, अंगावर काही नाही. पोपटरावांनी शाल पुढं केली.

आप्पांनी शालीकडं बघितलं. मग ते तलवारीसकट सरळ पडदा बाजूला सारून स्टेजवर गेले.

रणभूमीवर एक म्हातारा उभा होता. केस विस्कटलेले, अंगाला झेंडू, छातीवर सूर्यफूल. मागून कुणीतरी हसलं. गौतमीनं आजोबाला बघितलं. क्षणभर तिचे डोळे मोठे झाले. मग ती खणखणीत आवाजात बोलली, आणि ते वाक्य नाटकात नव्हतं.

"बाबा, लढाई संपली. अजून चिलखत घालून कशाला उभे आहात?"

आप्पांना पाठांतर नव्हतं. ते जे खरं होतं तेच बोलले. "काढता येईना, महाराज. सकाळधरनं वझं वागवतोय. बसता सुदीक येईना."

आता कुणी हसलं नाही.

"फिरा पाठमोरे," सम्राट म्हणाला. "मी घातलंय तुमच्या अंगावर, मीच काढतो." तिनं सुतळीला हात घातला. गाठ सुटेना. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सोजरबाई उभ्या राहिल्या.

"बाई, दुहेरी नगं वढू! गोणीची शिवण हाय! डावं टोक, एकलं, वरल्या अंगाला!"

गौतमीनं डावं टोक धरलं आणि वर ओढलं. गोणीचं तोंड उघडतं तशी सगळी शिवण सर्रकन सुटली. आप्पांनी हात खाली सोडले आणि चिलखत अंगावरून निसटून फळ्यांवर पडलं.

खणाण!

तो आवाज मांडवात फिरला, बाहेर रस्त्यापर्यंत गेला. झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या उडाल्या. आप्पा जिथं होते तिथंच, दिवसभरात पहिल्यांदा, खाली बसले. इतक्या समाधानानं बसले की ते बघून म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. गौतमीनं आप्पांजवळची तलवार उचलून चिलखतावर ठेवली आणि भिक्खूपुढं हात जोडले. पडदा पडला.

टाळ्या चालू असतानाच पोपटराव पडद्याआड आले. त्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला, गुडघे टेकले आणि चिलखत पार्सल तपासावं तसं खांद्यापासून तळापर्यंत तपासलं. मग उठले.

"एक बी पाकळी पडली न्हाई, आप्पा," ते म्हणाले. एवढं म्हणताना त्यांना किती जड गेलं ते आप्पांना कळलं. म्हणून आप्पाही उदार झाले. "रस्त्यानं आलं म्हणून," ते म्हणाले.

निघायच्या वेळी आप्पा चिलखत उचलायला वाकले, तेव्हा सोजरबाईंनी त्यांचा हात धरला.

"काय करता?"

"घरी न्यायचं न्हाई व्हय?"

"सम्राटानं टाकलंय ते. एवढ्या लोकांनी बघितलं. टाकलेलं परत उचलून न्यायचं आसतं का?" मग व्याह्यांकडं वळून त्या फार अदबीनं म्हणाल्या, "दादा, तुम्ही तर बैल सांभाळलेत. हे सांभाळायला तुम्हाला काय अवघड हाय? पुढच्या सालापर्यंत राहू द्या इथंच."

भरल्या मांडवात, पाहुण्यांदेखत, पार्सलवाल्या माणसानं नाही कसं म्हणायचं? पोपटराव म्हणाले, "त्यात काय! एका कोपऱ्यात पडून राहील."

सोजरबाईंनी घरी आल्या आल्या रांजण सरळ केला, तीनदा धुतला आणि भरला. आप्पांनी पहिला तांब्या प्यायला आणि मान्य केलं की माठाला ती चव नाही.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी फोन वाजला. पोपटरावांचा होता. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, एसटीच्या नव्या गाड्यांचं कौतुकसुद्धा केलं. आप्पा सावध झाले. मग पोपटराव आवाज खाली आणून म्हणाले,

"आप्पा, खुंटीला टांगलं तर पट्टे लांबतात हो."

"लांबतात."

"आन् पाल्याचा चुरा पडतो."

"पडतो."

मागून विहीणबाईंचा आवाज येत होता, 'माझ्या पाण्याच्या भांड्याला हात लावलात तर बघा!'

"बरं आप्पा," पोपटराव म्हणाले, "तुमच्या त्या रांजणाचं पोट साधारण केवढं होतं?"